भाषण नको, पुडीभर बी मागा

प्रश्न : माझ्या मुलीचं लग्न येत्या मार्गशीर्षात कऱ्हाडला आहे. चारशेच्या आसपास माणसं येतील. मुलगी आणि होणारे जावई दोघंही पर्यावरणाचं काम करतात. आलेल्या माणसाने जाताना काहीतरी शिकून जावं, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. म्हणून आम्ही असं ठरवलंय : जेवणाआधी एका तज्ज्ञांचं वीस मिनिटांचं व्याख्यान, पडद्यावर छोटी चित्रफीत, कार्यालयभर माहितीचे बारा फ्लेक्स, आणि प्रत्येकाला बियांच्या कागदाचं कार्ड व नवी कापडी पिशवी. माझे थोरले दीर म्हणतात, "लग्नात शाळा भरवू नका, लोक हसतील." मुलगी नाराज आहे. मला दोघांचंही पटतं. काय करू? आणि लोक खरंच काही शिकले का, हे कळणार कसं? — एक वधूमाय, कऱ्हाड

ताई,

मुलीची इच्छा अस्सल आहे आणि भाऊजींची भीती खरी आहे. दोघांपैकी कुणालाही गप्प बसवायची गरज नाही. फक्त तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी काढून टाकाव्या लागतील.

सगळ्यात आधी व्याख्यान काढा. अक्षता पडल्या की माणसं भुकेली असतात, लहान मुलं रडकुंडीला आलेली असतात, लांबून आलेल्यांचं लक्ष एसटीच्या वेळेकडे असतं. त्या वीस मिनिटांत तज्ज्ञ कितीही चांगलं बोलले तरी ऐकणारा मनातून पंगतीत जाऊन बसलेला असतो, आणि पुढे त्याला विषय आठवतो तो "ज्यामुळे जेवायला उशीर झाला" म्हणून. त्या तज्ज्ञांना केळवणाला बोलवा. तिथे वीस-पंचवीस माणसं असतात, पोटभर जेवलेली असतात, रात्री गप्पा रंगतात, उलटसुलट प्रश्न विचारता येतात.

दुसरं, फ्लेक्स. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे बॅनर आहेत, सजावटीचा थर्माकोल आहे, प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे आहेत, निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची पातळ प्लास्टिकची फिल्मसुद्धा आहे. मंडप सजवणाऱ्याला आणि पत्रिका छापणाऱ्याला हे आधीच स्पष्ट सांगा. जाड फ्लेक्स कायद्यात बसत असला तरी प्लास्टिकवर प्लास्टिकविरोधी मजकूर छापलेला बघून पाहुण्यांनी काय समजायचं? एखादा फळा आणि खडू पुरेल. तो कुठे लावायचा ते पुढे सांगते.

आता भाऊजींच्या "लोक हसतील" या बोलण्याकडे वळते, कारण त्यात खरी गोष्ट दडलेली आहे. पर्यावरणाला कुणी हसत नाही. आपल्याला अडाणी समजून कुणी शिकवायला लागलं की माणसं हसतात किंवा चिडतात. तुमच्या मांडवात कोण येणार आहे ते डोळ्यांसमोर आणा. राखेत घोळवून बी जपणाऱ्या आत्या असतील, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवलेल्या मावश्या असतील, आयुष्यभर एकाच तांब्या-भांड्याने पाणी प्यालेले काका असतील. या माणसांना शाश्वत जीवनशैलीवर चित्रफीत दाखवायची? त्यांच्याकडे आहे ते बाहेर काढून बाकीच्यांसमोर ठेवलं, तर तुमचं निम्मं काम तिथेच होईल.

गाडगेबाबांची रीत आठवा. गावात आले की ते आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री करायचे. कीर्तनातही उपदेशापेक्षा प्रश्न जास्त असत. समोरच्या माणसाला विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. आधी हाताने काम, मग प्रश्न, आणि उत्तर ज्याचं त्याने द्यायचं. तुमच्या लग्नासाठी याहून चांगला आराखडा मला सुचत नाही.

म्हणून बियांच्या कागदाचं कार्ड रद्द करा आणि पत्रिकेत दोन ओळी छापा : "आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत. घरात जपलेलं एखादं बी असेल तर पुडीभर घेऊन यावं." वाल, घेवडा, दोडका, काशीफळ, लाल माठ, देशी गवार, अंबाडी, जे असेल ते. मांडवाच्या दाराशी एक टेबल, जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्या आणि पेन ठेवा. आणणाऱ्याने पुडीवर तीन गोष्टी लिहायच्या : बी कशाचं, कोणत्या गावचं, कधी पेरायचं. जाताना प्रत्येकाने दुसऱ्या कुणाची तरी पुडी उचलायची. ज्यांनी काही आणलं नाही त्यांनाही घेऊ द्या. चारशेपैकी पन्नास जणांनी जरी बी आणलं तरी टेबल भरेल, आणि त्या टेबलाशी ज्या गप्पा होतील त्या कुठल्याही व्याख्यानात होणार नाहीत. "हा वाल कडू नाही ना?" "अहो, आमच्या पाटणचा आहे, शिजवून तर बघा." ही शिकवणी पाहुणेच एकमेकांची घेतील. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात जपलेल्या गावरान बियांतूनच बियाणं बँक उभी केली, आणि त्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्या टेबलावर त्यांच्याविषयी चार ओळी हाताने लिहून ठेवा. पुडी हातात असताना त्या चार ओळी माणूस वाचतो.

आता रुखवत. आपल्या लग्नात प्रदर्शनाची जागा आयती आहे आणि ती सगळे बघतात, बायका तर दोन-दोनदा बघतात. मग वेगळं दालन कशाला? यंदाचं रुखवत मुलीच्या विषयाचं करा, पण रुखवताचा थाट सोडू नका. मोत्यांचं तोरण असू द्या, आजीच्या साडीची गोधडी मांडा, रिठे आणि शिकेकाई परडीत ठेवा. संसारात पहिल्या दिवसापासून लागणारी कचऱ्याची मातीची खतकुंडी ठेवा, तयार खतासकट. झाकण उघडून बघायला सांगा. खताला घाण वास येतो अशी बहुतेकांची समजूत असते. नीट झालेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो, हे नाकाला कळलं की चर्चाच संपते.

तिथेच एक खेळ ठेवा. किलोभर तांदूळ ताटलीत, शेजारी पाण्याने भरलेला पितळी हंडा आणि वर प्रश्न : "एवढा तांदूळ पिकायला असे किती हंडे पाणी लागतं?" उत्तर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. बायकांनी डोक्यावरून पाणी वाहिलेलं असतं, त्यांना हंडा कळतो. लिटरचा आकडा डोळ्यांसमोर येत नाही. जगभरातली सरासरी किलोला सुमारे २,५०० लिटर धरतात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर दीडशेच्या वर हंडे होतात. बहुतेकांचा अंदाज याच्या जवळपासही जाणार नाही. उत्तर लगेच सांगू नका, ते अक्षतांच्या वेळी सांगायचं आहे.

अक्षता वाटताना भटजींनी किंवा माईकवर असलेल्या मामांनी एवढंच म्हणावं : "हंड्यांचं उत्तर दीडशेहून जास्त आहे. म्हणून आज अक्षता म्हणून प्रत्येकाच्या हातात फक्त चार दाणे आहेत, बाकी फुलांच्या पाकळ्या." हिशेब सोपा आहे. चारशे माणसांनी पंचवीस-पंचवीस ग्रॅमची मूठ उधळली तर दहा किलो तांदूळ पायदळी जातो, म्हणजे पंचवीस हजार लिटर पाणी. हा हिशेब माईकवर सांगायची गरज नाही. हातातले चार दाणे बघून माणसं तो आपापसांत करतील. मात्र भटजींशी आधी बोला, मुलाकडच्यांशीही बोला. ऐनवेळी कळलं तर विधीत कमी केलं असं वाटेल, आणि मग पुढच्या कशालाच त्यांची साथ मिळणार नाही.

उखाणे तर तुमच्या हातातलंच माध्यम आहे. मुलीला एक देऊन ठेवते :

आईची शिकवण, सासूबाईंची माया,
…रावांच्या घरात घास जाणार नाही वाया.

आणि जावईबापूंसाठी :

कृष्णेला झाली कोयनेची भेट,
…चं नाव घेतो, निर्माल्य खताच्या खड्ड्यात थेट.

प्रीतिसंगमाच्या गावातलं लग्न आहे, हारातुऱ्यांचं निर्माल्य कुठे जाऊ नये हे त्या दुसऱ्या ओळीत सांगून होतं. पण मग खड्डा खरोखर तयार हवा. शेत असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे तो लग्नाआधीच खणून घ्या.

आता जेवण. ताई, सगळी यादी बाजूला राहिली आणि फक्त एवढंच जमलं तरी चालेल, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात १०० कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेलं, आणि ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. कचराडेपोत हवेशिवाय दबून कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता धरून ठेवतो. हे आकडे मी तुम्हाला सांगते आहे ते तुमच्या मनाची तयारी व्हावी म्हणून. पाहुण्यांना ते सांगू नका. ताटावर बसलेल्या माणसाला उष्ट्याचा आकडा सांगणं हा त्याचा अपमान आहे.

त्याऐवजी पदार्थ कमी करा. आचारी बत्तीस पदार्थांची यादी देईल. चार प्रकारचे स्टार्टर, पास्त्याचा काउंटर, तीन गोडं. जिथे एवढे पदार्थ असतात तिथे माणूस प्रत्येकातलं थोडं घेऊन बघतो आणि निम्मं टाकतो, कितीही समजूतदार असला तरी. वरण-भात, मसालेभात, अळूची भाजी, भरली वांगी, मटकीची उसळ, कोशिंबीर, चटणी, पापड, पुरी, एक जिलेबी आणि मठ्ठा, एवढं ठेवा. तुमच्या भागातला इंद्रायणी तांदूळ घ्या. हे जेवून कुणी उपाशी जाणार नाही आणि कुणी नावंही ठेवणार नाही.

जागा आणि माणसं असतील तर पंगत घाला, बुफे नको. पंगतीत उष्टं किती होणार हे जेवणारा ठरवत नाही, वाढपी ठरवतो. म्हणून शिकवायचंच असेल तर आदल्या दिवशी वाढप्यांना अर्धा तास बसवून शिकवा : पहिल्या वेळी सगळं निम्मं वाढायचं, "वाढू का?" विचारूनच पुढे हात न्यायचा, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नक्की फिरायचं. शेवटचं चुकलं तर सगळं फसतं. वाढपी परत येणार नाही अशी धास्ती असली की माणूस पहिल्याच वेळी जास्त घेऊन ठेवतो. आग्रह हवाच, आग्रहाशिवाय आपलं लग्न नाही. पण तो वधू-वरांनी पंगतीत फिरून अर्ध्या जिलेबीचा करावा.

बुफेच करावा लागला तरी निराश होऊ नका. नॉर्वेतल्या हॉटेलांमध्ये एक प्रयोग झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी नुसती ताटली लहान केली आणि काही ठिकाणी "पुन्हा पुन्हा या, एकदम भरून घेण्यापेक्षा ते बरं" अशी छोटी पाटी ठेवली. दोन्हीकडे अन्नाची नासाडी सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्याकडेही ताटल्या लहान ठेवा आणि पाटीवर लिहा : "थोडं घ्या, पुन्हा या. सगळं शेवटपर्यंत मिळेल." आणि ते शेवटपर्यंत मिळालंच पाहिजे.

तो एकमेव फळा इथे लावायचा. पंगत उठली की उष्ट्याची बादली वजनकाट्यावर ठेवायची आणि फळ्यावर लिहायचं : पहिली पंगत, इतके किलो. दुसऱ्या पंगतीला बसणारे ते वाचतात आणि आपलं कमी भरावं असं त्यांना आपोआप वाटतं. मुलं तर काट्याभोवतीच घोटाळतील. एक पथ्य मात्र पाळा. मुलीकडचे विरुद्ध मुलाकडचे अशी चुरस लावू नका. लग्नात मानापमानाला एवढंसं निमित्त पुरतं.

भांडी स्टीलची भाड्याने घ्या. धुण्याची सोय नसेल तर पळसाच्या खऱ्या पत्रावळी-द्रोण किंवा केळीची पानं. हिरव्या रंगाचं चित्र छापलेल्या कागदी पत्रावळीला फसू नका. फाडून बघा, कडेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा सुटला तर ती ना कुजणार, ना भंगारात जाणार. पाण्याच्या छोट्या बाटल्या अजिबात नकोत. चारशे माणसांनी दोन-दोन घेतल्या तर आठशे होतात आणि त्यांतल्या निम्म्या अर्धवट भरलेल्या फेकल्या जातात. माठ, स्टीलचे पेले आणि पाणी द्यायला दोन पोरं ठेवा.

ओला आणि सुका कचरा टाकायची जागा जेवणाच्या दाराशीच हवी, मागे अंधारात नको. तिथे दहा-बारा वर्षांच्या करवल्या आणि त्यांचे भाऊ उभे करा. मोठ्या माणसाने सांगितलेलं टाळता येतं, पण "आजोबा, द्रोण या पिंपात" असं नटूनथटून उभ्या असलेल्या पोरीने सांगितलं की आजोबा ऐकतात आणि पुढच्याला तेच सांगतात. उष्ट्याला मात्र मुलांना हात लावू देऊ नका. त्या कामाला नगरपालिकेच्या किंवा कचरा वेचणाऱ्या अनुभवी ताई-दादांना रीतसर मोबदला देऊन बोलवा, हातमोजे द्या, आणि त्यांना पहिल्या पंगतीला मानाने बसवा. ज्यांच्या हाती आपला कचरा रोज जातो ती माणसं शेजारच्या पाटावर जेवताना दिसली, तर पाहुणे त्यातून जे घेतील ते कोणत्याही पाटीवर लिहिता येत नाही. ही एक गोष्ट तुम्ही नक्की करावी असं मला फार वाटतं.

तिथे पाटी लावायचीच तर तिच्यावरचे शब्द जपून निवडा. अमेरिकेत हॉटेलांमधल्या टॉवेलांवर एक अभ्यास झाला होता, तो २००८ मध्ये आला. "पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा" या पाटीपेक्षा "इथे उतरलेले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात" ही पाटी जास्त लागू पडली. "लोक किती कचरा करतात" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कचरा करणारेच जास्त आहेत एवढंच कळतं. तुम्हाला तर कऱ्हाडात सांगायला अभिमानाची गोष्ट आहे. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत कऱ्हाड देशात पहिलं आलं होतं. पाटीवर तेवढंच लिहा : "हे कऱ्हाड आहे. इथे ओला-सुका वेगळाच टाकतात."

कापडी पिशव्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. नवं कापड घेऊन चारशे पिशव्या शिवू नका. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात, हवामानावरच्या परिणामाच्या हिशेबाने सुती पिशवी शंभराहून अधिक वेळा वापरली तर कुठे ती साध्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते असं निघालं. प्रत्येक घरात अशा भेट आलेल्या पिशव्यांचा गठ्ठा पडून आहे. द्यायच्याच तर घरातल्या जुन्या साड्यांच्या शिवून घ्या, आणि हव्या त्यांनाच द्या. नाही दिल्या तरी बियांची पुडी आहेच.

वऱ्हाडासाठी दहा गाड्या न काढता एसटी ठरवा. आगारात "प्रासंगिक करार" म्हटलं की ते समजतात. वाटेत गाणी-भेंड्या होतात ते वेगळंच.

भाऊजींना समजावत बसू नका, त्यांना पंगत द्या. वाढप्यांवर नजर ठेवायची, दुसरी फेरी वेळेवर निघते का बघायचं, काट्यावरचा आकडा स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहायचा, हे घरातल्या थोरल्या माणसाचंच काम आहे. "तुमचं ऐकलं, व्याख्यान काढलं. आता पंगत तुम्ही सांभाळा," असं मुलीनेच त्यांना जाऊन सांगावं.

लोक शिकले का, हे कळायचे दोन रस्ते आहेत. दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप पाठवाल त्यात फोटोंबरोबर आकडेही द्या : कोणत्या पंगतीला किती उष्टं, किती किलो खतात गेलं, किती पुड्या आल्या. जमलं नाही तेही लिहा. आणि चैत्राच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना विचारा, कुणाच्या पुडीतलं काय उगवलं. खरी परीक्षा मात्र पुढच्या वर्षीच्या लग्नसराईत होईल. तुमच्याकडे जेवून गेलेल्या एखाद्या घरात लग्न निघालं आणि तिथल्या गृहिणीने फोन करून "त्या पत्रावळी कुठून आणल्या होत्या हो?" असं विचारलं, तर समजा.

हे सगळं झेपेल की नाही अशी काळजी वाटत असेल तर पदार्थांची यादी, वाढपी आणि बियांचं टेबल एवढं धरा, बाकीचं सोडलं तरी चालेल. पण आचाऱ्याशी याच आठवड्यात बोला. एकदा ॲडव्हान्स दिला आणि बत्तीस पदार्थ कागदावर आले की मग ते कमी करून घेणं अवघड जातं.